मावशीच्या अटी

"अकरा जणांचा ग्रुप होत नाही," खिडकीपलीकडच्या बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. "वीस लागतात. आणि सुटी तिकिटं म्हणाल, तर त्या शनिवारची केव्हाच संपली."

तिनं डोळे मिटले, मनात पाचपर्यंत मोजलं आणि उघडले. खिडकी तिथंच होती, बाईही तिथंच होत्या. थीम पार्कच्या या शहरातल्या बुकिंग ऑफिसात ती पाऊण तास रांगेत उभी होती आणि तेवढ्यात बाबांचे चार फोन येऊन गेले होते. पहिल्यात त्यांनी विचारलं, पार्कमध्ये बसायला बाकं आहेत का. दुसऱ्यात विचारलं, बाकांना पाठ आहे का. तिसरा फोन कशासाठी केला ते त्यांनाच आठवेना, आणि चौथ्यात आठवलं : बाकं सावलीत आहेत का?

"पुढचा शनिवार घ्या की," बाई म्हणाल्या.

"पुढचा शनिवार नाहीच आहे हो!"

खरंच नव्हता. धाकटा भाऊ त्या शनिवारनंतरच्या सोमवारीच निघणार होता – बायको आणि जुळी मुलं घेऊन, समुद्रापलीकडे, पाच वर्षांच्या नोकरीवर. जाण्याआधी सगळ्यांनी मिळून एक दिवस मजा करायची, एवढं एकच त्यानं मागितलं होतं. आणि मागून झाल्यावर नेहमीसारखं म्हणाला होता, "ताई बघेल सगळं." घरात हे वाक्य एकदा उच्चारलं गेलं, की बाकीचे निर्धास्त होऊन जेवायला बसत.

"आम्ही नऊ जण आहोत," मागून कोणीतरी म्हणालं.

ती वळली. मागे एक उंच माणूस उभा होता. खांद्याला हत्यारांची जड पिशवी, शर्टाच्या खिशात पेचकस, बोटांना ग्रीसचे डाग – आणि चेहरा असा निवांत, जणू रांगेत उभं राहायलाच घरून निघाला होता.

"अकरा आणि नऊ... वीस होतात," तो म्हणाला.

"मला बेरीज येते," ती म्हणाली. ती शाळेत शिक्षिका होती.

"नाही, तुम्ही एकदम गप्प झालात, म्हणून म्हटलं मदत करावी."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "दोन घरं मिळून एक ग्रुप चालतो. फॉर्म एक, लीडर एक. ग्रुपला प्रत्येक राईडची वेळ ठरवून मिळते, तेव्हा कोण कधी कशात बसणार आणि कोणाशेजारी बसणार, सगळं लिहून आणायचं. पुढच्या गुरुवारी, दुपारी बाराच्या आत. बाराला मी खिडकी लावते. मग बाहेर कोणी रडलं तरी उघडत नाही."

तेवढ्यात पाचवा फोन आला. ती बाबांना सावलीबद्दल समजावत होती, तोवर बाईंनी लीडरच्या रकान्यात त्या माणसाचं नाव लिहूनसुद्धा टाकलं.

"अहो! लीडर मी होणार होते."

"तुम्ही फोनवर होतात," तो म्हणाला. "पण काळजी करू नका. होईल हो सगळं."

हे "होईल हो" तिनं पहिल्यांदा ऐकलं ते इथं. पुढच्या आठ दिवसांत या दोन शब्दांनी तिच्या नाकी नऊ आणले.

शाळेत तिला सगळे वेळापत्रकवाल्या बाई म्हणत. तीस वर्ग, बेचाळीस शिक्षक, एकच प्रयोगशाळा, आणि पहिला तास नको म्हणणारे चौदा जण – हे सगळं दरवर्षी ती एका भल्यामोठ्या चौकटीच्या कागदावर बसवायची. तिची एक पद्धत होती. आधी सगळ्यांचे तास लावायचे, प्रत्येकाच्या तक्रारी ऐकून ते फिरवायचे आणि शेवटी जे चौकोन उरतील त्यांत स्वतःला घालायचं. त्यामुळे सगळे खूश असत आणि तिच्या वाट्याला जेवणानंतरचा झोपाळू वर्ग येई.

सहलीचाही तिनं असाच तक्ता आखला. तो माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. पार्कच्या सात राईड, वीस माणसं, हे सगळं तो रोज चार वाजता, तिची शाळा सुटली की, समोरच्या चहाच्या दुकानात बसून ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि शेवटी खिशातून एक चिठ्ठी काढायचा.

"एक छोटीशी अडचण आहे, मॅडम. मावशीची."

"मॅडम म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"शाळेत बाई म्हणतात."

"बाई... मावशीला उंचीची भीती वाटते."

तिनं मावशीला उंच पाळण्यातून काढून होडीत घातलं. होडीत दोन-दोनच माणसं, त्यामुळे काकूंना हलवावं लागलं. काकू हलल्या म्हणून काका हलले. दुसऱ्या दिवशी त्याची चिठ्ठी पुन्हा हजर.

"मावशीला पाण्याचं वावडं आहे."

"अहो, काल सांगायचं ना!"

"काल तिला आठवलं नाही."

तिसऱ्या दिवशी मावशीला गोल फिरणारं काही चालेना. चौथ्या दिवशी मावशीला दुपारी एक ते दोन पाय लांब करून बसायला हवं होतं. प्रत्येक अट आली की वीसच्या वीस माणसं जागची हलत आणि ती नवा कागद काढी. या मावशीला तिनं पाहिलंही नव्हतं, पण झोपेतसुद्धा तिच्याशी भांडत होती.

घरचेही काही कमी नव्हते. जुळ्यांतला एक एकशे एकवीस सेंटिमीटर भरला, दुसरा एकशे एकोणीस, आणि मोठ्या राईडला अट होती एकशे वीसची. हा दुसरा दाराला पाठ लावून उभा राहायचा आणि दर तासाला विचारायचा, "आत्या, आता?" तिच्या स्वतःच्या आत्यानं जाहीर केलं की मी येईन, पण मजा करणार नाही. बाबांनी पार्कचा नकाशा छापून घेतला, आणि तो उलटा धरून तिला रस्ते समजावले.

"तुमच्याकडे कोणालाच काही अडचण नाही का?" एकदा तिनं वैतागून त्याला विचारलं. "मावशी सोडून?"

"नाही. बाकीचे साधे आहेत."

"आणि तुम्ही?"

"मी?" तो हसला. चहाच्या वाफेतून तिच्याकडे बघत राहिला – जरा जास्तच वेळ. "मला कुठंही बसवा. फक्त एकट्याला बसवू नका."

तिनं मान खाली घालून कागदावर काहीतरी खोडलं. खोडण्यासारखं तिथं काही नव्हतं.

मंगळवारी चहा अर्धवट असतानाच त्याचा फोन वाजला. दोन गल्ल्या सोडून एका इमारतीत लिफ्ट अडकली होती.

"मी येते," ती म्हणाली. "वाटेत तुम्ही तिसऱ्या राईडचं सांगा. मला आज हे संपवायचंच आहे."

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्ट थांबली होती आणि आत एक आजी होत्या. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि दाराच्या फटीशी तोंड नेलं. हत्याराला हातही लावला नाही.

"आजी, मी आलोय. काय घेऊन आलात बाजारातून?"

"तुला काय करायचंय?" आतून थरथरता आवाज आला. "दार उघड आधी!"

"उघडतोच. पण तुमच्या पिशवीत अंडी असतील तर हळू उघडावं लागेल, म्हणून विचारलं."

आत पिशवी चाचपल्याचा आवाज आला. मग आजी म्हणाल्या, "अंडी नाहीत. लोकर आहे." आणि लोकर कुठल्या रंगाची, कोणासाठी, किती सुया, असं बोलणं सुरू झालं. पाच मिनिटांत आजींचा आवाज थरथरायचा थांबला. ती जिन्याच्या पायरीवर, मांडीवर तक्ता घेऊन ऐकत होती. इतके दिवस ज्या संथपणानं तिचं डोकं फिरवलं होतं, तो इथं किती कामाचा होता... त्याच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे ती बघतच राहिली, आणि तिला तो आवडला. आवडला म्हणजे अगदी नको तितका आवडला.

"आता मला वर मशीनच्या खोलीत जावं लागेल," तो तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला. "तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी."

"मी? काय बोलू?"

"काहीही. फक्त गप्प बसू नका."

शेवटी तिनं तक्ताच वाचायला घेतला. "आजी, ऐका. सकाळी साडेसहाला सगळे बसपाशी. नऊला उंच पाळणा – आई आणि काकू, भाऊ आणि भावजय. दहाला होडी..." आजी मधूनमधून सूचना करत होत्या. आत्याला होडीत घालू नकोस, म्हणाल्या, ती चेहरा पाडून बसेल आणि शेजारच्याची मजा घालवेल. आत्याला त्यांनी बरोब्बर ओळखलं होतं.

"आणि तू गं? तू कशात बसणार?"

"मी पिशव्यांपाशी थांबते, आजी. कोणीतरी लागतंच ना."

"दर वेळी?"

यावर ती उत्तर देणार, तेवढ्यात वरून खडखडाट झाला आणि लिफ्ट शहाण्यासारखी चौथ्या मजल्याला लागली. आजी बाहेर आल्या, त्यांनी तिच्या गालाला हात लावला आणि घरात गेल्या.

जिना उतरताना तो म्हणाला, "बाई, यादी एकदा मोजून बघा."

"मी तीस वर्गांचं वेळापत्रक करते. मला मोजायला शिकवू नका."

"बरं. होईल हो."

"आणि ते 'होईल हो' बंद करा!"

बुधवारी तक्ता पुरा झाला. सातवा तक्ता. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलून बघितला, पुन्हा म्हणाला, "मोजलंत का?" आणि तिनं पुन्हा डोळे वटारले. मग बोलण्यासारखं काही उरलंच नाही. कपातला चहा संपला, रस्त्यावरचे दिवे लागले. उद्या फॉर्म द्यायचा, शनिवारी गर्दीत वीस माणसांमागे धावायचं, की झालं. या माणसाला भेटायचं काही कारण उरत नव्हतं. तिला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर फारच वाईट वाटलं, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला.

"निघते मी," ती म्हणाली. "मावशींना नमस्कार सांगा. आता त्यांना काही नवीन आठवलं, तरी माझ्यापर्यंत येऊ देऊ नका."

त्यानं खिशातून एक चिठ्ठी अर्धी बाहेर काढली आणि पुन्हा आत ठेवली.

गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी ती खिडकीपाशी पोचली. तो आधीच रांगेत होता. बाईंनी चष्मा नाकावर घेतला आणि पेनच्या टोकानं यादीतली एकेक ओळ मोजली.

"एकोणीस."

"वीस," ती म्हणाली.

"एकोणीस." बाईंनी कागद तिच्याकडे सरकवला. तिनं मोजले. एकोणीस. खालून वर मोजले. एकोणीसच. एक माणूस कमी म्हणजे ग्रुप गेला, शनिवार गेला, आणि भाऊ सोमवारी निघून जाणार. जिच्यावर सगळं सोपवलं ती ताई एक यादी धड करू शकत नाही, असं व्हायचं! तिनं घरी फोन लावला.

"बाबा, आपलं कोणी गळलंय का? सगळे येताय ना?"

"म्हणजे काय! सगळे इथंच आहेत. थांब, मोजतो." बाबांनी मोठ्यानं डोकी मोजली. "दहा. बरोबर आहे."

"दहा कसे? आपण अकरा असतो."

"घरात तर दहाच आहेत, बाई. बरं, त्या बाकांचं—"

तिनं फोन ठेवला. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मावशी! मावशीच ऐन वेळी फिरली असणार. फॉर्मवर प्रत्येकाचा नंबर होता. तिनं मावशीचा नंबर फिरवला.

"मावशीला नको..." तो घाईघाईनं म्हणाला. त्याचा चेहरा पहिल्यांदाच निवांत नव्हता. "बाई, एक मिनिट, माझं ऐका..."

"हॅलो, मावशी? तुम्ही शनिवारी येताय ना?"

"येणार तर!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "तू वेळापत्रकवाली का गं? मी त्या उलट्यापालट्या होणाऱ्या गाडीत पहिल्या रांगेत बसणार आहे, सांगून ठेवते."

"पण तुम्हाला उंचीची भीती..."

"मला? कोणी सांगितलं?"

"आणि पाण्याचं वावडं... गोल फिरणं... दुपारी पाय लांब करून..."

"अगं, मला कुठंही बसवा, एवढंच म्हणाले होते मी त्याला. बरं झालं फोन केलास. आठ दिवस घरात तुझ्याशिवाय दुसरं बोलणं नाही, म्हटलं एकदा आवाज तरी ऐकावा."

तिनं फोन बंद केला आणि सावकाश वळली. रांगेतले लोकही वळले.

"एकसुद्धा अट खरी नव्हती?"

"नव्हती."

"मी सात वेळा... सात वेळा तक्ता केला! वीस माणसं सात वेळा हलवली!"

"पहिल्या दिवशी तुम्ही पाच मिनिटांत सगळं लावून टाकलंत," तो म्हणाला. "कागद गुंडाळलात आणि निघालात. तुम्हाला थांबवायला मला दुसरं काही सुचलं नाही. मावशी सुचली."

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण रोज चार वाजले की कमी व्हायची."

तिला त्याच्या डोक्यात तो तक्ता घालावासा वाटला. पण तो तिनं छातीशीच घट्ट धरला. "खिडकी बंद व्हायला पंचवीस मिनिटं आहेत," ती कशीबशी म्हणाली. "आधी विसावा माणूस शोधा, मग मी तुम्हाला काय बोलायचं ते बोलते."

"शोधायचा कशाला? यादीत तुम्ही नाही आहात."

तिनं कागद पुन्हा बघितला. बाबा होते, आई होती, आत्या, काका, काकू, जुळी... तिचं नाव कुठंच नव्हतं. सगळ्यांना जागा देऊन उरलेल्या चौकोनात स्वतःला घालायचं, हीच तिची सवय. या वेळी चौकोनच उरला नव्हता, आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. बाबांच्याही नाही. भर ऑफिसात, अनोळखी लोकांसमोर रडायची वेळ येते की काय, असं झालं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या तक्त्यापासून. दोनदा म्हणालो, मोजून बघा."

"मग लिहायचं ना तुम्हीच!"

"बाराला दहा कमी असताना लिहिणारच होतो. शपथ." त्यानं खिशातून पेन काढून दाखवलं. "पण ते तुम्ही लिहावं, असं वाटत होतं. त्या आजींना तुम्ही पिशव्यांपाशी थांबते म्हणालात, ते मला वर ऐकू आलं. लिफ्टच्या बोगद्यातून सगळं ऐकू येतं, बाई. मला ते अजिबात आवडलं नाही. आणि तक्ता नीट बघा... एकोणीस म्हणजे कोणीतरी एकटं पडणार. सातही राईडला माझ्या शेजारची जागा मोकळी आहे. तुम्हीच ठेवलीत."

तिनं बघितलं. खरंच, सातही ओळींत त्याच्या शेजारी कोरा चौकोन होता. लोकांना आयुष्यभर शेजारी-शेजारी बसवणाऱ्या तिच्या हातानं हे कधी केलं, तिला कळलंच नव्हतं. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"द्या ते पेन," ती म्हणाली.

तिनं विसाव्या ओळीत नाव लिहिलं. वय लिहिलं, एकतीस. सात कोऱ्या चौकोनांत सात वेळा स्वतःला घातलं, एकदाही न खोडता. मागच्या रांगेतून कोणीतरी घड्याळाकडे बघून सुस्कारा सोडला.

"शेवटचा रकाना राहिला," बाई म्हणाल्या. "लीडरशी नातं. रिकामं चालत नाही."

तिच्या घरच्या दहाही जणांपुढे, बाईंनी पहिल्या दिवशी सांगितल्याप्रमाणे, 'परिचित' लिहिलेलं होतं. तिनं तिथं पेन टेकवलं.

"परिचित लिहू नका," तो हळूच म्हणाला.

"मग काय लिहू?"

बंद दाराआडच्या घाबरलेल्या माणसांशी तासन्‌तास बोलणारा माणूस, आणि आता त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"बोला की! आठ दिवस मावशीच्या तोंडून एवढं बोललात. आता स्वतःच्या तोंडून बोला."

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "फार. चिडता तेव्हासुद्धा. फॉर्मच्या भाषेत त्याला काय म्हणतात, मला माहीत नाही."

ऑफिसातला पंखा घरघरत होता. रांगेत आता कोणीच सुस्कारे टाकत नव्हतं. तिनं मान खाली घातली, हाताचा आडोसा केला आणि रकान्यात काहीतरी लिहून कागद खिडकीतून आत सरकवला.

बाईंनी शेवटची ओळ नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचली. "वय एकतीस. लीडरशी नातं..." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "'प्रेम, बहुतेक.'"

तो एकदम भिंतीला टेकला.

"हे 'बहुतेक' चालणार नाही," बाई म्हणाल्या. "फॉर्ममध्ये नक्की काय ते लागतं."

"द्या इकडे," ती म्हणाली. तिनं कागद ओढून घेतला आणि 'बहुतेक'वर एक सरळ रेघ मारली.

"खाडाखोडीपुढे सही करा," बाई शिक्का उचलत म्हणाल्या. "दोघांचीही लागेल."

तिनं सही केली आणि पेन त्याच्या हातात दिलं.